पीटी स्लॅबचं मॉडेलिंग: रेघ सगळेच काढतात, पैसे टोकांचे मिळतात



शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड भागातल्या डिप्लोमा सिव्हिल झालेल्या पोरापोरींचा एक प्रश्न सारखा येतो. "सर, ईटॅब्स शिकलोय, सेफ शिकलोय. पीटी स्लॅबमध्ये टेंडन काढता येतात. घरात बसून पुण्या-मुंबईची कामं घेता येतील का?"

येतील. पण एक गोष्ट आधी स्पष्ट करून घेऊ. स्क्रीनवर टेंडनची रेघ काढायला दोन दिवसांत जमतं. ज्याला दोन दिवसांत जमतं, त्याला दोन दिवसांचेच पैसे मिळतात. केबल कुठल्या उंचीवरून जाते आणि तिची दोन टोकं कुठे व कशी अडकतात, हे ज्याला कळतं त्याच्याकडे काम परत येतं. आजचा लेख त्यासाठी आहे. व्हिडिओत वहीवर भरभर काढून दाखवलं होतं, इथे आकडे नीट लिहून देतो.

मी बीबीए, इंजिनिअर नाही. त्यामुळे डिझाइन शिकवण्याचा आव आणत नाही. काम कुठल्या पायऱ्यांनी होतं, चूक कुठे महागात पडते आणि छोट्या उद्योजकाने यातलं नेमकं काय विकायचं, एवढंच सांगतो. खालची उदाहरणं समजून घेण्यासाठी आहेत, बांधकामासाठी नाहीत.

पीटी म्हणजे काय, आपल्या भाषेत

बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कशी चढवायचा आठवा. लोखंडी पट्टी तापवायची, लाकडी चाकावर बसवायची, पाणी ओतायचं. धाव आकसते आणि चाकाचे सगळे तुकडे आवळून धरते. चाकावर वजन येण्याच्या आधीच ते दाबलेलं असतं. प्रीस्ट्रेसिंग म्हणजे हेच. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून वजन येण्याआधीच त्याला दाबून ठेवायचं. फ्रान्सच्या युजीन फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये याचं पेटंट घेतलं.

पोस्ट-टेन्शनिंगमध्ये काँक्रीट आधी ओततात आणि ते पुरेसं घट्ट झाल्यावर तारा ओढतात. आपल्याकडच्या इमारतींत साधारण असं असतं: पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा चपटा डक्ट, त्यात ३-४ स्ट्रँड, टोकाला अँकर. जॅकने एकेक स्ट्रँड ओढायची, पाचर म्हणजे वेज बसली की जॅक सोडायचा, नंतर डक्टमध्ये सिमेंटचं ग्राऊट भरायचं. या सगळ्या केबलला मिळून टेंडन म्हणतात.

आता दुसरं चित्र. बाळाची झोळी बघा. दोन्ही टोकं वर बांधलेली, मध्ये खोलगट. टेंडन स्लॅबमध्ये असाच जातो: कॉलमजवळ वर, स्पॅनच्या मध्यावर खाली. ओढल्यावर तो सरळ व्हायला बघतो आणि स्लॅबला खालून वर उचलतो. म्हणजे स्लॅबच्या स्वतःच्या वजनाचा मोठा भाग केबलच पेलते. टी. वाय. लिन यांनी १९६३ मध्ये हा विचार 'लोड बॅलन्सिंग' म्हणून मांडला, आणि आजही हाताने पडताळा घ्यायचा तर त्यानेच घेतात.

आपल्याकडे याची गरज कुठे? मॉल, पार्किंग, ऑफिस ही शहरातली गिऱ्हाइकं आहेतच. पण मंगल कार्यालय घ्या. मध्ये कॉलम आला तर स्टेज दिसत नाही, पंगत नीट बसत नाही. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेला आपला तालुका. खाली मोकळं पार्किंग आणि वर हॉल, असा विचार आता होतो. मोठा स्पॅन आणि पातळ स्लॅब हवा असेल तिथे पीटीचा विषय निघतो.

आधी वही, मग कॉम्प्युटर

उदाहरण धरू. हॉलचा स्लॅब एका दिशेने चालणारा, १० मीटरचे ३ स्पॅन, एकूण ३० मीटर. जाडी २५० मिमी. आपण १ मीटर रुंदीची पट्टी बघतोय, मधल्या स्पॅनची.

- स्लॅबचं स्वतःचं वजन: ०.२५ × २५ = ६.२५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.
- त्यातलं ८० टक्के केबलने पेलायचं ठरवलं: ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.
- केबलचा मध्य कॉलमवर वरून ४५ मिमी, स्पॅनच्या मध्यावर खालून ४५ मिमी. मग झोळीची खोली २५० − ९० = १६० मिमी.
- लागणारं बल = वजन × स्पॅनचा वर्ग ÷ (८ × खोली) = ५ × १०० ÷ (८ × ०.१६) = सुमारे ३९० किलोन्यूटन. एका मीटरच्या पट्टीला जवळजवळ ४० टन.
- काँक्रीटवर सरासरी दाब: ३९०,००० न्यूटन ÷ २५०,००० चौरस मिमी = १.५६ मेगापास्कल. स्लॅबसाठी हा आकडा नेहमीच्या टप्प्यात बसतो.

आता स्ट्रँड. १२.७ मिमीची सात तारांची स्ट्रँड, क्षेत्रफळ ९८.७ चौरस मिमी, तुटण्याची ताकद १८६० मेगापास्कल म्हणजे सुमारे १८४ किलोन्यूटन. तिच्या ७५ टक्के ओढली तर जॅकवर १३८ किलोन्यूटन, १४ टन. घर्षण, पाचरेची घसर आणि पुढच्या काही वर्षांत काँक्रीटचं आकसणं धरून हाती उरतात साधारण १०८ किलोन्यूटन. ४ स्ट्रँडच्या टेंडनला ४३२. भागिले ३९०, म्हणजे दर १.१ मीटरला एक टेंडन.

हे सगळं एका पानावर होतं. सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे पान तयार पाहिजे. कारण सॉफ्टवेअरने दर ०.६ मीटरला किंवा दर २ मीटरला टेंडन दाखवला, तर कुठेतरी काहीतरी उलटंसुलटं भरलंय हे तुम्हाला या पानामुळेच कळणार.

मॉडेलमध्ये काय काय भरायचं

ईटॅब्स आणि सेफ ही दोन्ही एकाच अमेरिकन कंपनीची सॉफ्टवेअर. टेंडनचं काम दोन्हीकडे साधारण सारखंच चालतं.

१. मटेरियल आणि स्ट्रँड. ताकद, क्षेत्रफळ, आणि एककं. किलोन्यूटन-मीटर की न्यूटन-मिमी, हे आधी बघा. आपल्याकडे स्ट्रँडसाठी आयएस १४२६८ आणि प्रीस्ट्रेस काँक्रीटसाठी आयएस १३४३ हे कोड आहेत. दुसऱ्याचं आयएस १३४३ १९८० चं असेल तर बाजूला ठेवा, ते २०१२ मध्ये बदललं.

२. स्लॅब, कॉलम, भिंती. यात लिफ्टची भिंत विसरू नका. स्लॅब ओढल्यावर थोडासा आखडतो. दोन्ही टोकांना जाड भिंती असतील तर त्या त्याला आखडू देत नाहीत आणि आपण दिलेला दाब स्लॅबऐवजी भिंतीत जातो. मॉडेलमध्ये भिंतीच्या जागी साधा आधार दाखवला, तर कागदावर सगळं छान आणि स्लॅबमध्ये भेगा.

३. पट्ट्या. दोन्ही दिशांना डिझाइन स्ट्रिप. फ्लॅट स्लॅबमध्ये बहुतेकदा एका दिशेचे टेंडन कॉलमच्या रांगेवर गोळा करतात आणि दुसऱ्या दिशेचे सारख्या अंतरावर पसरतात.

४. टेंडनची रेघ आणि उभा आकार. वरून दिसणारी रेघ सोपी असते. उभ्या आकारात प्रत्येक कॉलमवरची आणि मध्यावरची उंची भरावी लागते. प्रत्यक्षात केबल कॉलमवर टोकदार मोडत नाही, तिथे उलटी कमान असते. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे, तोच घ्या.

५. जॅक आणि तूट. कुठल्या टोकाने ओढणार: सुरुवात, शेवट की दोन्ही. घर्षणाचे दोन गुणांक आणि पाचरेची घसर. तूट टक्क्यांत ठोकून देता येते, किंवा सॉफ्टवेअरकडून सविस्तर काढून घेता येते. पहिल्या अंदाजाला टक्के चालतील, अंतिम मॉडेलला नाही. घर्षण आणि घसरीचे आकडे पीटी कंपनीकडून लेखी घ्या. खिडकी उघडल्यावर आधीच भरलेले दिसतात म्हणून ठेवून देऊ नका.

६. दोन अवस्था. एक ओढतानाची, एक सगळी तूट झाल्यानंतरची. ओढतानाच्या अवस्थेत केबलचा जोर सर्वांत जास्त आणि वजन सर्वांत कमी: वर माणूस नाही, फरशी नाही. तेव्हा स्लॅब उलट वर वाकू बघतो. भरल्या हॉलची अवस्था वेगळी. लोडच्या कोडप्रमाणे, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे, खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नसतील अशा सभागृहाला चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, ढोबळमानाने ५०० किलो धरतात. दोन्ही अवस्थांत स्लॅब पास व्हायला पाहिजे.

आता एक सोपी तपासणी. फक्त टेंडनची लोड केस निवडा आणि सगळ्या आधारांवरच्या उभ्या प्रतिक्रियांची बेरीज बघा. ती शून्याच्या जवळ यायला पाहिजे. केबल स्लॅबला मध्ये वर उचलते तितकीच कॉलमजवळ खाली दाबते. ती बाहेरून वजन आणत नाही. बेरीज शून्य येत नसेल तर मॉडेल पुढे पाठवू नका. एका मिनिटाचं काम आहे, आणि सिनिअर इंजिनिअरला हे दाखवलंत की त्याचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

शेवटचा स्पॅन: इथेच कळतं कोण शिकलंय

वरचा हिशेब मधल्या स्पॅनचा होता. मधल्या स्पॅनला दोन्ही बाजूंना केबल वर असते. शेवटच्या स्पॅनला एका बाजूला स्लॅबची कड आहे आणि तिथे अँकर बसतो. अँकर साधारण जाडीच्या मध्यावर बसवतात, म्हणजे २५० मिमीच्या स्लॅबमध्ये १२५ वर. वर बसवला तर तो कडेलाच स्लॅबला वाकवायला लागतो, शिवाय त्याच्यावर पुरेसं काँक्रीटही राहत नाही.

आता झोळी मोजा. एका टोकाला १२५, दुसऱ्या टोकाला २०५. सरासरी १६५. मध्यावर ४५. खोली आली १२० मिमी, १६० नाही. तेवढ्याच ३९० किलोन्यूटन बलाने किती वजन उचललं? ८ × ३९० × ०.१२ ÷ १०० = ३.७४ किलोन्यूटन. आपल्याला ५ हवे होते. चौथा हिस्सा गेला, आणि गेला तो अशा स्पॅनमध्ये जिथे वाकणं आधीच जास्त असतं.

उपाय तीन. एक, शेवटच्या स्पॅनमध्ये जादा स्ट्रँड. ५ किलोन्यूटनसाठी तिथे सुमारे ५२१ किलोन्यूटन बल लागेल. दोन, तिथे केबल कमी उचलते हे मान्य करून साधी सळई वाढवायची. तीन, आर्किटेक्टशी सुरुवातीलाच बोलून शेवटचा स्पॅन लहान ठेवायचा. तो ८.५ मीटर केला, तर त्याच केबलने ५.१८ किलोन्यूटन उचललं जातं. जादा एक स्ट्रँड नाही.

चौथा 'उपाय' काही जण करतात: मॉडेलमध्ये अँकर १२५ ऐवजी २०५ वर नेऊन ठेवतात. स्क्रीनवर स्पॅन लगेच पास. साइटवर अँकर तिथे बसतच नाही, फिटर तो आपल्या अंदाजाने खाली घेतो, आणि डिझाइन एक, स्लॅब दुसराच. हा आकडा कुणी बदलला हे नंतर शोधत बसावं लागतं, कारण फाइलवर नाव तुमचं असतं.

अँकर म्हणजे ठिपका नव्हे

स्क्रीनवर टेंडनचं टोक म्हणजे एक ठिपका. साइटवर त्या ठिपक्यावर ४ × १३८ = ५५२ किलोन्यूटन येतात, ५६ टन. हाताच्या पंजाएवढ्या जागेत. मागचं काँक्रीट आडवं फुटू बघतं. त्यासाठी अँकरच्या मागे स्प्रिंगसारखी गोल किंवा जाळीची सळई देतात. स्लॅबचं डिझाइन करणारी सॉफ्टवेअर सहसा ही सळई काढून देत नाहीत. तिचा हिशेब वेगळा होतो आणि तपशील पीटी कंपनीच्या अँकरप्रमाणे बदलतो. तुमच्या ड्रॉइंगवर तो तपशील पाहिजेच. आणि ड्रॉइंगवर दिलेली क्यूबची ताकद आल्याशिवाय जॅक लावायचा नाही, ही ओळ ठळक अक्षरात.

दुसरा मुद्दा जागेचा. ज्या टोकाने ओढायचं त्याला लाईव्ह एंड म्हणतात, दुसरं डेड एंड, ते काँक्रीटमध्ये गाडलेलं. लाईव्ह एंडच्या बाहेर जॅक आणि माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा लागते. आता आपल्या गावठाणातला प्लॉट आठवा. शेजाऱ्याची भिंत हद्दीला चिकटलेली. तिथे लाईव्ह एंड दाखवला तर जॅक काय शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात लावणार? मग त्या बाजूला डेड एंड आणि रस्त्याच्या बाजूला लाईव्ह एंड घ्यावा लागतो. पण ओढण्याची बाजू बदलली की घर्षणामुळे बल कुठे जास्त, कुठे कमी हेही बदलतं. डेड एंडकडे बल कमी पोचतं. जागा मोकळी असेल तेव्हा म्हणूनच एक सोडून एक टेंडन उलट बाजूने ओढतात, आणि लांबी साधारण ३० मीटरच्या पुढे गेली की दोन्ही टोकांनी ओढायचा विचार करतात. सांगायचं काय, तर प्लॉटचा फोटो मागवल्याशिवाय मॉडेलला हात लावू नका. गिऱ्हाइकाला पहिला मेसेज हाच: "चारी बाजूंचे फोटो पाठवा."

तिसरा मुद्दा पाचरेचा. जॅक सोडल्यावर पाचर घट्ट बसेपर्यंत केबल साधारण ६ मिमी आत घसरते. ३० मीटरच्या केबलला ६ मिमी म्हणजे सरासरी ३९ मेगापास्कलची तूट, चालून जाते. पण ६ मीटरच्या तुकड्याला तेच ६ मिमी म्हणजे १९५ मेगापास्कल. ओढलं होतं १३९५, त्यातलं १४ टक्के पाचर बसतानाच गेलं. मॉडेलमध्ये जागा भरायला लहान लहान टेंडन टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दोन अँकरचा खर्च पूर्ण, फायदा कमी.

साइटवरचा माणूस तुमचं मॉडेल बघत नाही

सेंट्रिंगवर उभा असलेला फिटर ईटॅब्स उघडत नाही. त्याच्या हातात एक कागद असतो. त्या कागदावर प्रत्येक मीटरला चेअर किती उंचीची हे लिहिलेलं पाहिजे.

आपल्या मधल्या स्पॅनचा तक्ता बघा. स्पॅनच्या मध्यापासून अंतर आणि केबलच्या मध्याची उंची: ० मीटरला ४५ मिमी, १ ला ५१, २ ला ७१, ३ ला १०३, ४ ला १४७, ५ ला म्हणजे कॉलमवर २०५. कॉलमजवळच्या उलट्या कमानीमुळे शेवटचे आकडे थोडे बदलतील.

हे आकडे केबलच्या मध्याचे आहेत. चेअर मात्र डक्टच्या खाली बसते. डक्ट २० मिमी उंच असेल तर प्रत्येक आकड्यातून १० वजा करायचे: ३५, ४१, ६१, ९३, १३७, १९५. हे वजा करून दिलं नाही तर फिटर ४५ ची चेअर लावणार आणि केबल १० मिमी वर जाणार. काँक्रीट ओतताना कुणी डक्टवर पाय दिला, चेअर कलली, आणि झोळीची खोली १६० ची १४० झाली, तर उचलण्याची ताकद साडेबारा टक्क्यांनी घटते. अडीच मीटरच्या सळईने हे भरून निघत नाही.

दुसरा तक्ता लांबीवाढीचा. ओढल्यावर केबल किती लांबली पाहिजे? ३० मीटर लांबी, घर्षण धरून सरासरी ताण १२५० मेगापास्कल, स्टीलचा लवचिकता गुणांक १९५,००० मेगापास्कल. १२५० ÷ १९५,००० × ३०,००० = सुमारे १९२ मिमी. ५ टक्के इकडेतिकडे धरलं तर १८२ ते २०२. साइटवर १६५ आली तर आत केबल कुठेतरी अडकली असेल, डक्ट चेपला असेल. २३० आली तर डेड एंड सरकला असेल किंवा गेज चुकतंय. दोन्ही वेळा काम थांबवून इंजिनिअरला फोन. जॅकचं मीटर बल दाखवतं आणि पट्टी लांबी दाखवते. दोन्ही जुळले तरच केबल खरंच ओढली गेली असं म्हणायचं.

मांडवीचा पूल लक्षात ठेवा

५ जुलै १९८६. पणजी आणि बेती यांना जोडणारा मांडवी नदीवरचा पूल कोसळला. बांधून दोन दशकंही झाली नव्हती. प्रीस्ट्रेस काँक्रीटचा पूल. आतल्या ताणलेल्या तारांना लागलेला गंज हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं गेलं. नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत लोकांचे हाल झाले. गोव्याला जाताना आपण आज त्याच नदीवरून जातो.

आपल्या विषयाशी याचा संबंध सरळ आहे. साध्या सळईला गंज चढला तर काँक्रीट फुगतं, पोपडे निघतात, दिसतं. डक्टमधली केबल आतल्या आत गंजते आणि वरून काही कळत नाही. तिला वाचवतं ते ग्राऊट, आणि टोकाला अँकरचा खळगा नीट बुजवणं. कुठल्याही मॉडेलमध्ये 'ग्राऊट नीट भरलं का' असा रकाना नसतो. पुराचं पाणी जिथे दर काही वर्षांनी येतं, तिथे उघडा राहिलेला अँकरचा खळगा म्हणजे पाण्याला दिलेलं आवतण. म्हणून ड्रॉइंगवर ग्राऊट आत जायची आणि हवा बाहेर पडायची नळी कुठे, खळगा कशाने भरायचा, हे लिहायचं. त्यासाठी वेगळे पैसे मागा, मिळतात.

मग विकायचं काय?

मॉडेल विकू नका. मॉडेल म्हणजे स्वयंपाक, गिऱ्हाइकाला ताट पाहिजे. तुमचं ताट पाच कागदांचं:

- टेंडनचा वरून दिसणारा नकाशा, लाईव्ह आणि डेड एंड खुणेसह.
- चेअरच्या उंचीचा तक्ता, डक्टच्या खालचा आकडा.
- अँकर, त्यामागची सळई, खळगा आणि नळ्यांचा तपशील.
- ओढण्याचा क्रम आणि लांबीवाढीचा तक्ता, साइटवर आकडे भरायला रिकाम्या रकान्यासह.
- 'इथे भोक पाडू नका' असा स्लॅबचा नकाशा.

पाचवा कागद फार कमी जण देतात. हॉल सुरू झाल्यावर एसीवाला येतो, मांडववाला हूक ठोकायला येतो, प्लंबर पाइपसाठी गोल कापायला येतो. ड्रिल केबलला लागलं तर काय होईल हे त्यांना माहीत नसतं. मालकाच्या ऑफिसात फ्रेम करून लावता येईल असा हा नकाशा द्या. मालक तो दहा जणांना दाखवेल.

गिऱ्हाईक कोण? पीटी कंपन्या आणि कोल्हापूर, सांगली, पुण्याचे स्ट्रक्चरल कन्सल्टंट. त्यांच्याकडे डिझाइन करणारा माणूस असतो, कागद नीट काढून देणारा कमी पडतो. त्यांच्या डिझाइनवर तुम्ही कागद काढायचे. सही नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच. ती विकायचा मोह कितीही झाला, कुणी "तूच करून दे रे, कोण बघतंय" म्हणालं, तरी नाही म्हणायचं. एका हॉलमध्ये लग्नाला हजार माणूस जमतं. भूकंपाच्या बाबतीत तर आणखी सावध. पातळ फ्लॅट स्लॅबवर भूकंपाचा जोर सोडून चालत नाही, त्यासाठी भिंती किंवा फ्रेम लागते. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या भागात म्हातारी माणसं अजून सांगतात.

दर कसा लावायचा

चौरस फुटाचा दर सांगून मोकळं होऊ नका. तास मोजा. समजा एका स्लॅबला पहिलं ड्रॉइंग २२ तासांत झालं. तासाला ४०० रुपये धरून तुम्ही ८,८०० सांगितले. मग आर्किटेक्टने डक्टची जागा बदलली, लिफ्ट सरकवली, जिना फिरवला. तीन वेळा दुरुस्ती, दर वेळी ५ तास. एकूण ३७ तास. हातात तासाला पडले २३८. म्हणून कोटेशनमध्ये लिहा: दोन दुरुस्त्या धरलेल्या आहेत, तिसरीपासून तासाप्रमाणे. कुणी रागावत नाही, उलट बदल विचार करून पाठवतात.

कागदपत्रं थोडी. उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे. एजंटला पैसे देऊ नका. ती असेल तर मोठ्या गिऱ्हाइकाने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. सेवेच्या व्यवसायाला वर्षाला २० लाख उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, तरी आपल्या सीएला एकदा विचारा.

आणि सॉफ्टवेअर. क्रॅक कॉपीवर धंदा उभा करू नका. पकडले जाण्याचं राहू द्या, मोठी कंपनी काम देताना लायसन्स विचारते आणि तिथेच दार बंद होतं. सुरुवातीला कन्सल्टंटच्या लायसन्सवर त्याच्या ऑफिसात बसून काम करा, पगार कमी असला तरी. वर्षभरात पाच-सहा स्लॅब हाताखालून गेले की स्वतःचं घ्यायचं का ते ठरवा.

या आठवड्याचं काम

एक्सेलची एक शीट बनवा. स्पॅन, जाडी, टोकांच्या उंची आणि किती वजन उचलायचं हे भरलं की बल, स्ट्रँडची संख्या, चेअरचा तक्ता आणि लांबीवाढ बाहेर पडली पाहिजे. वरचे आकडे घालून बघा: ३९०, १.१ मीटर, ३५ ते १९५, १९२ मिमी. जुळले तर शेवटच्या स्पॅनसाठी दुसरी शीट. दोन्ही शीट एका पानावर छापा आणि कोल्हापूर किंवा सांगलीतल्या एखाद्या कन्सल्टंटकडे घेऊन जा. "काम द्या" म्हणू नका. "सर, यात काय चुकलंय ते सांगा" असं विचारा. जो माणूस अर्धा तास बसून चूक दाखवतो, तो पुढचं काम कुणाला देईल, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या भागात हीच शीट पायरीपायरीने बनवू. तोपर्यंत वही घेऊन बसा.